एंजिनातील संधिरोधन : गॅस्केटे व लेप

एंजिनाचे दोन स्थिर भाग एकमेकांवर बसवून बोल्टांनी आवळले असता त्यांच्यामधील सांध्यातून वायू, पाणी, वंगण तेल वा इंधन झिरपू नये म्हणून जी योजना करतात, तिला संधिरोधन म्हणतात. याकरिता सांध्याच्या आकाराप्रमाणे कापलेला जो मऊ वा लवचिक पत्रा दोन भागांमध्ये घालतात त्याला गॅस्केट, तर पृष्ठभागावर लावावयाच्या दाट द्रवाला वा लुकणाला संधिरोधक लेप असे म्हणतात. महाराष्ट्रातील कारागिरांच्या बोलीत या सर्वांना ‘पॅकिंग’ हा एकच शब्द चालतो. परंतु काटेकोर अर्थाने पॅकिंग म्हणजे सरकत्या वा फिरत्या भागाभोवतीची भरण असून गॅस्केट हे न हलणाऱ्या भागांमध्ये असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मोटारगाडीच्या एंजिनातील स्थिर सांध्यांचा विचार केला आहे.

यंत्रावर कापलेला धातूचा पृष्ठभाग डोळ्यांस सपाट दिसला, तरी त्यावर सूक्ष्म उंचवटे व खळगे असतात. शिवाय एंजिन तापले म्हणजे त्याचे भाग प्रसरण पावतात व तेही सारखे नव्हे. ॲल्युमिनियम हे बिडाच्या सु. दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे बिडाच्या ठोकळ्यावर बसविलेले ॲल्युमिनियमाचे टोपण एंजिन प्रत्येक वेळी तापताना व निवताना ठोकळ्यावर किंचित सरकते. आधुनिक पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरात ज्वलनाच्या वेळी दाब वातावरणीय दाबाच्या पन्नास पट वा अधिक होतो आणि वायूचे तापमान २,०००° से. च्या वर जाते. या वायूपासून काही मिलिमीटर अंतरावरच थंड करणारे पाणी व दाबाखालील तेल यांचे मार्ग असतात. या तिघांना एकमेकांपासून अलग ठेवण्याचे काम सिलिंडर-टोपणाखालील गॅस्केटाला करावे लागते.

वरवर पाहता संधिरोधनाचा इतिहास हा अधिकाधिक चांगल्या लेपांच्या शोधाचा इतिहास वाटतो. प्रत्यक्षात गळती थांबते ती पृष्ठभागांची सपाटी आणि बोल्टांनी दिलेला समान दाब यांमुळे. लेपाचे काम उरलेली सूक्ष्म पोकळी भरून काढण्यापुरतेच असते. हा क्रम उलटा करून लेपावर भिस्त ठेवली गेली तेव्हा गळती तर टिकून राहिलीच, पण काही वेळा लेपच एंजिनाच्या नाशाला कारण झाला. तसेच शिसे व ॲस्बेस्टस या दोन पदार्थांबाबत घट्ट सांध्याची किंमत कामगारांना आपल्या आरोग्याने चुकवावी लागली.

बाष्प-एंजिनांचा काळ : टॉमस न्यूकमेन यांनी १७१२ मध्ये इंग्लंडमध्ये उभारलेल्या एंजिनात दट्ट्याच्या कडेला चामडे लावून त्यावर पाण्याचा थर ठेवीत. सिलिंडराचा अंतर्भाग ओबडधोबड असला, तरी बाष्पाचा दाब वातावरणीय दाबाच्या जवळपास असल्याने ही व्यवस्था पुरेशी ठरे. जेम्स वॉट यांच्या एंजिनात मात्र ती चालण्यासारखी नव्हती. सिलिंडर सतत तप्त ठेवून इंधनाची बचत करणे हे त्यांच्या सुधारणेचे मर्म होते व दट्ट्यावरील पाणी सिलिंडर थंड करीत असे. म्हणून १७६९ च्या आपल्या पेटंटात वॉट यांनी पाण्याऐवजी तेले, मेण, राळेसारखे पदार्थ, प्राण्यांची चरबी, पारा व द्रवरूप धातू वापरण्याचा उल्लेख केला. संधिरोधक द्रव्यांची ही एक आरंभीची यादीच म्हणता येईल. तथापि वॉट यांची खरी अडचण यांपैकी कोणत्याही पदार्थाने दूर झाली नाही. जॉन विल्किन्सन यांनी तोफा कोरण्याकरिता सुधारलेल्या पद्धतीच्या आधारे १७७५ च्या सुमारास सिलिंडर अचूक गोल व सरळ कोरून दिले, तेव्हाच चरबीत भिजविलेल्या वाखाची भरण नीट काम देऊ लागली. पृष्ठभाग आधी आणि भरण नंतर, हा धडा एंजिनाच्या इतिहासाच्या आरंभीच मिळाला होता.

एकोणिसाव्या शतकात बाष्पाचा दाब वाढत गेला तसे नळ, झडपांच्या पेट्या व टोपणे यांचे स्थिर सांधे महत्त्वाचे ठरले. त्यांसाठी दोन प्रकारची लुकणे प्रचारात होती. पहिल्या प्रकारात शेंदूर (शिशाचे तांबडे ऑक्साइड) व सफेता (शिशाचे पांढरे कार्बोनेट) हे अळशीच्या तेलात मळून त्याचा लगदा वाखावर वा जाड पुठ्ठ्यावर माखीत. तेल हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होई व सांधा पक्का बसे. दुसऱ्या प्रकारात लोखंडाचा कीस, नवसागर व थोडे गंधक पाण्यात कालवून ते मिश्रण सांध्यात ठासून भरीत. लोखंड गंजताना फुगत असल्याने सांधा इतका घट्ट होई की, तो पुन्हा उघडण्यासाठी छिन्नी-हातोडा घ्यावा लागे. जो सांधा कधीही सोडावयाचा नाही त्यालाच हे लुकण योग्य असे. सांधा टिकाऊ हवा की दुरुस्तीसाठी सोडविता येणारा हवा, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाशी निगडित आहे.

शिशाच्या लुकणांनी काम चांगले दिले. पण ती हातांनी मळावी लागत. शिसे शरीरात साठत जाते व त्यापासून पोटशूळ, रक्तक्षय आणि हातांच्या स्नायूंचा पक्षाघात हे विकार जडतात. रंगकामातील पांढऱ्या शिशाच्या वापरावर बंधने घालणारा करार आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९२१ मध्ये केला. यंत्रशाळांतून ही लुकणे नाहीशी होण्यास मात्र त्यानंतरही बराच काळ लागला.

सपाटीचा मार्ग : सांधा भरून काढण्याऐवजी तो भरण्याची गरजच कमी करण्याचा मार्ग जोझेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्यांनी दाखविला. तीन लोखंडी पट आळीपाळीने एकमेकांवर टेकवून उंचवट्यांच्या जागा रंगाने ओळखावयाच्या व त्या हाताने खरवडावयाच्या, ही त्यांची रीत होती. दोनच पट घेतल्यास एक फुगीर व दुसरा तितकाच खोलगट राहून ते एकमेकांशी जुळल्याचा भास होऊ शकतो. तिसरा पट घेतल्याने हा भ्रम दूर होतो. व्हिटवर्थ यांनी ही रीत १८४० मध्ये ग्लासगो येथे भरलेल्या ब्रिटिश ॲसोसिएशनच्या अधिवेशनात मांडली. अशा रीतीने तयार केलेले पृष्ठभाग एकमेकांवर आवळले म्हणजे मध्ये तेलाचा पातळ थर पुरतो. बाष्प-टरबाइनाच्या कवचाचे दोन अर्धभाग जोडताना धातूवर धातू टेकवून उकळलेल्या अळशीच्या तेलाचा पातळ हात देण्याची पद्धत याच परंपरेतील आहे. परंतु खरवडण्याचे काम वेळखाऊ व खर्चाचे असते. थोड्या यंत्रांसाठी ते परवडते. लक्षावधी मोटारगाड्यांसाठी परवडणे शक्य नव्हते.

मोटारगाडी व सुटे टोपण : मोटारगाड्यांच्या पहिल्या पिढीतील अनेक अभिकल्पकांनी सर्वांत अवघड सांधा टाळूनच दिला होता. सिलिंडर व त्याचे टोपण हे ते एकाच ओतकामात करीत. म्हणजे गळण्यासाठी सांधाच उरत नसे. इंग्लंडमधील ३ लिटर बेंटली (विक्री १९२१ पासून) व फ्रान्समधील बुगाटी यांसारख्या नामांकित गाड्यांत ही पद्धत पुढेही चालू राहिली. मात्र झडपा घासावयाच्या झाल्यास त्यासाठी सिलिंडरांचा सबंध ठोकळा उचलावा लागे.

हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने १९०८ मध्ये बाजारात आणलेल्या ‘मॉडेल टी’ या गाडीत चारही सिलिंडर एका ठोकळ्यात ओतलेले व टोपण सुटे होते. खेड्यातील शेतकऱ्यालाही बोल्ट काढून टोपण उचलता यावे व काजळी खरवडता यावी, हा त्यातील मोठा लाभ होता. हे शक्य झाले ते तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टसाचा थर असलेल्या गॅस्केटामुळे. तांबे मऊ असल्याने पृष्ठभागाच्या खळग्यांत दबून बसे व उष्णता लवकर वाहून नेई, तर ॲस्बेस्टस उष्णतेला न जुमानता उशीसारखे दबे. १९२७ पर्यंत या गाडीची दीड कोटी एंजिने बनली व सुटे टोपण आणि त्याखालचे गॅस्केट ही पद्धत हळूहळू सर्वत्र रूढ झाली. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ऑस्ट्रियात रिखार्ट क्लिंगर यांनी ॲस्बेस्टसाचे तंतू रबराबरोबर दाबून ‘क्लिंगरिट’ नावाचे तक्ते तयार केले होते. नळांच्या व पंपांच्या सांध्यांसाठी अशा तक्त्यांतून हवे ते गॅस्केट कापून घेता येई. तेलाच्या तळपात्रासाठी व झडपांवरील झाकणासाठी बूच, तर पाण्याच्या पंपासाठी तेल पाजलेला कागद वापरीत. कागद भागावर धरून हातोडीने त्याच्या कडेकडेने हलके ठोकावयाचे व भागाच्या कडेनेच तो कापून घ्यावयाचा, ही कारागिरांची युक्ती भारतातील छोट्या गॅरेजांतूनही चांगली परिचयाची आहे.

लाखेचे लेप : बूच व कागद यांच्या गॅस्केटांना एक लेप लागे. बूच वाळल्यावर आकसतो. कागद ठेवताना सरकतो व फाटतो. याकरिता विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्वत्र चालणारा लेप म्हणजे अल्कोहॉलात विरघळविलेली चपडा लाख. ही लाख मुख्यतः भारतातून जाई. पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांवरील कीटकांपासून ती मिळते व छोटा नागपूरचा प्रदेश तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात गोंदियाच्या बाजूस लाखेचा व्यवसाय होता. भारतीय लाख संशोधन संस्था १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे स्थापन झाली [⟶ लाख].

लाखेवर पेट्रोल व खनिज तेल यांचा परिणाम होत नाही, अल्कोहॉल उडून गेले म्हणजे ती लवकर वाळते व गॅस्केट जागच्या जागी धरून ठेवते, हे तिचे गुण होत. वाळल्यावर ती ठिसूळ होते व तापमानाच्या चढउतारांनी तिला तडे जातात, हा तिचा दोष. ज्या द्रवात ती विरघळते तो द्रव इंधनातच असेल, तर दुसराही दोष उघड होतो. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलात २० टक्के एथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठण्यात आले. एथेनॉल हे अल्कोहॉलच असल्याने इंधनमार्गातील सांध्यांवर लाखेचा लेप आता भरवशाचा राहिलेला नाही. लेपाची निवड सांध्यावरून तशीच त्यातून वाहणाऱ्या द्रवावरूनही ठरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पातळ थराचे महत्त्व : काही सांध्यांत गॅस्केटाची जाडीच बाधक असते. फोक्सवॅगन ‘बीटल’ गाडीच्या एंजिनातील भुजादंडाची पेटी दोन उभ्या अर्धभागांची असून भुजादंडाचे धारवे या दोन अर्धांमध्येच पकडले जातात. सांध्यात कागदाइतकी जाडी आली, तरी धारवे सैल बसतील. म्हणून तेथे गॅस्केट न घालता लेपाचा अत्यंत पातळ थर लावतात. समोरासमोर सिलिंडर असलेल्या विमान-एंजिनांच्या पेट्यांत याच कारणाने लेपाच्या पातळ थरावर रेशमाचा बारीक धागा ठेवून दोन अर्धे आवळण्याची पद्धत पडली. रोल्स-रॉईस कंपनीने आपल्या जेट एंजिनांसाठी विकसित केलेला ‘हायलोमार’ हा निळा लेप कधीच पूर्ण घट्ट होत नाही. तो चिकट व लवचिक राहतो. त्यामुळे भाग तापून हलले तरी थर तुटत नाही आणि सांधा सोडविताना पृष्ठभाग खराब होत नाही. पुढे मोटारगाड्यांच्या कारागिरांनीही तो उचलला.

सिलिकोने : सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या साखळीवर कार्बनी गट असलेल्या संयुगांचा पायाभूत अभ्यास फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग यांनी नॉटिंगहॅम येथे विसाव्या शतकाच्या आरंभी केला, त्यातील चिकट राळेसारखे पदार्थ त्यांना स्वतःला निरुपयोगी वाटत असत. १९४० मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील यूजीन रॉचाव्ह यांनी व सुमारे त्याच वेळी जर्मनीत रिखार्ट म्यूलर यांनी ही संयुगे बनविण्याची सरळ रीत शोधून काढली. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या डाऊ कॉर्निंग कंपनीचे पहिले उत्पादन विमान-एंजिनांच्या प्रज्वलन यंत्रणेत ओलावा शिरू नये म्हणून वापरावयाचे एक सिलिकोन लुकण होते.

युद्धानंतर नळीतून पिळून काढावयाचे व नेहमीच्या तापमानास हवेतील बाष्पामुळे घट्ट होऊन रबरासारखे बनणारे सिलिकोन उपलब्ध झाले. ते सु. २००° से. वरही लवचिक राहते, तेलाला दाद देत नाही व काही मिलिमीटरांची फटदेखील भरते. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिका, यूरोप व जपान येथील कारखान्यांत कापीव गॅस्केटाऐवजी यंत्राच्या साहाय्याने सिलिकोनाची एकसारखी वळी पृष्ठभागावर फिरवून त्यावर भाग बसविण्याची पद्धत पसरली. अशा रीतीने जागच्या जागी तयार होणाऱ्या गॅस्केटामुळे शेकडो आकारांची गॅस्केटे साठविण्याची गरज उरली नाही.

या पदार्थाच्या मर्यादाही लवकरच लक्षात आल्या. पेट्रोलात सिलिकोन फुगते. म्हणून इंधनाच्या सांध्याला ते अयोग्य असते. सुरुवातीच्या प्रकारांतून घट्ट होताना ॲसिटिक अम्ल (शिर्क्यातील अम्ल) बाहेर पडे व त्याचा वास येई. हे अम्ल धातूंना गंजविते. १९७६ मध्ये व्होल्व्हो गाड्यांतून बॉश कंपनीचा ऑक्सिजन संवेदक प्रथम बाजारात आला. अशा संवेदकांवर सिलिकोनाच्या बाष्पशील घटकांपासून सिलिकेचा थर बसून ते निकामी होतात, असे आढळले. परिणामी अम्ल न सोडणारे व बाष्पशील घटक कमी असलेले प्रकार तयार करावे लागले; नळीवर ‘संवेदकास निर्धोक’ असा जो निर्देश असतो त्यामागे हे कारण आहे.

अननॉक्सी लेप : हवेतील ऑक्सिजन असेपर्यंत द्रव राहणारा व तो तुटताच घट्ट होणारा पदार्थ १९४० नंतरच्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमधील संशोधकांना आढळला होता, परंतु तो द्रव ठेवण्यासाठी त्यातून सतत हवा सोडावी लागे. त्या कंपनीत काम करणारे रॉबर्ट क्रीबल यांच्याकडून त्यांचे वडील व्हर्नन क्रीबल यांना ही माहिती मिळाली. व्हर्नन हे अमेरिकेतील हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९५३ मध्ये हा द्रव साध्या बाटलीत टिकेल असा उपाय शोधला व १९५६ मध्ये ‘लॉकटाइट’ या नावाने तो लोकांसमोर आला. प्रथम तो नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून वापरीत. पुढे त्याचे दाट प्रकार सपाट सांध्यांसाठी तयार झाले.

धातूचा स्पर्श व हवेचा अभाव या दोन्ही गोष्टी जेथे असतात तेथेच, म्हणजे सांध्याच्या आतच, हा लेप घट्ट होतो. दाबून आत निसटलेला भाग द्रवच राहतो व तेलात मिसळून जातो. त्याचे तुकडे बनत नाहीत. मात्र यासाठी दोन्ही भाग जाड, ताठ व यंत्रावर कापलेले असावे लागतात. मिलिमीटरच्या काही दशांशांपेक्षा मोठी फट तो भरू शकत नाही आणि पातळ पत्र्याच्या, वाकणाऱ्या तळपात्राला तो चालत नाही. म्हणजेच सिलिकोन व अननॉक्सी लेप हे एकमेकांचे पर्याय नव्हेत. एक लवचिक व मोठ्या फटीच्या सांध्यासाठी, तर दुसरा ताठ व बारीक फटीच्या सांध्यासाठी असतो.

कारखाना व गॅरेज : कारखान्यातील यंत्र सिलिकोनाची दोन-तीन मिलिमीटर जाडीची वळी अचूक मापाने सोडते, भाग नवे व स्वच्छ असतात आणि वळी ओली असतानाच ते आवळले जातात. हीच नळी दुरुस्तीच्या कामात आली तेव्हा यांपैकी एकही अट तिच्यासोबत आली नाही. वाकलेले तळपात्र, जुन्या लेपाचे उरलेले पापुद्रे व तेलकट पृष्ठभाग यांवर नळी जास्त पिळणे हाच सोपा उपाय वाटू लागला. बोल्ट आवळले म्हणजे जादा सिलिकोन सारखेच आत व बाहेर पिळून निघते. बाहेरची कड दिसते. आतली दिसत नाही. आतील कडेचे तुकडे पुढे सुटून तेल-पंपाच्या गाळणीत अडकतात, धारव्यांना तेल मिळेनासे होते व चांगले दुरुस्त केलेले एंजिन अल्पावधीत जखडते. गळणाऱ्या थेंबभर तेलापेक्षा ही हानी कितीतरी मोठी असते.

ॲस्बेस्टसाची किंमत : तांबे-ॲस्बेस्टसाच्या गॅस्केटाने मोटारगाडी दुरुस्तीसुलभ केली; परंतु ॲस्बेस्टसाचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास तेथेच रुतून बसतात. त्यांपासून ॲस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग व फुप्फुसावरणाचा कर्करोग हे रोग उद्भवतात आणि संपर्क व रोग यांमध्ये अनेकदा दोन ते चार दशके जातात. ब्रिटनने १९३१ मध्येच ॲस्बेस्टस कारखान्यांतील धुळीसंबंधी नियम केले होते. १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या परिषदेत अर्व्हिंग सेलिकॉफ व त्यांचे सहकारी यांनी ॲस्बेस्टसाच्या आवरणांचे काम करणाऱ्या कामगारांतील रोगांचे चित्र मांडल्यावर या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. गॅस्केट सांध्यात बसलेले असताना त्यातील तंतू बांधलेले असतात. धोका असतो तो ते कापताना, आणि त्याहून अधिक करपून चिकटलेले जुने गॅस्केट तारेच्या ब्रशाने वा फिरत्या चकतीने घासून काढताना. मोटार-कारागिराचा संबंध नेमका याच कामाशी येतो.

ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टसावर बंदी घातली. यूरोपीय संघात २००५ पासून ती सर्वत्र लागू झाली. अमेरिकेने गॅस्केटाच्या तक्त्यांसह पांढऱ्या ॲस्बेस्टसाचे चालू वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याचा नियम मार्च २०२४ मध्ये केला. भारतात २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी दीर्घकाळ जपण्याचा व रोग जडलेल्या कामगारांना एक लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रस्त्याकडेच्या गॅरेजातील कारागिराच्या आरोग्याची मात्र नोंद ठेवणारा कोणी नसतो. जुन्या एंजिनातील गॅस्केट ॲस्बेस्टसाचे आहे असे धरूनच ते पाण्याने ओले करून, कोरडे न घासता व फुंकर वा दाबाची हवा न मारता काढावे, हा नियम म्हणून महत्त्वाचा आहे [⟶ ॲस्बेस्टस].

ॲस्बेस्टसाच्या जागी प्रसरित ग्रॅफाइट व ॲरॅमिड तंतू आले. ॲरॅमिड वर्गातील केव्हलारचा शोध १९६५ मध्ये ड्यू पाँट कंपनीतील स्टेफनी क्वोलेक यांनी लावला. त्यानंतर १९९० च्या दशकात सिलिंडर-टोपणाखाली अनेक पदरी पोलादी गॅस्केटांचा प्रसार झाला. यात स्प्रिंगसारख्या लवचिक अगंज पोलादाचे पातळ पत्रे एकावर एक असतात. सिलिंडराभोवती त्यांवर उठाव दिलेला असतो व बाहेरून रबराचा अतिशय पातळ थर असतो. टोपण ज्वलनाच्या दाबाने किंचित उचलले गेले, तरी उठाव त्याच्याबरोबर वर येऊन सांधा मिटलेला ठेवतो. या गॅस्केटासाठी पृष्ठभाग फार गुळगुळीत व सपाट असावा लागतो आणि त्यावर सामान्यतः वरून कोणताही लेप लावावयाचा नसतो. अशा रीतीने एंजिनातील सर्वांत कठीण सांधा सरतेशेवटी पुन्हा व्हिटवर्थ यांच्या सपाटीकडेच वळला.

निवड व वापर : वरील अनुभवातून एंजिन-जुळणीचे काही नियम ठरले आहेत. सिलिंडर-टोपणाच्या गॅस्केटाला निर्मात्याने सांगितले नसेल तर लेप लावू नये. पंप, गिअरपेटी यांसारख्या ताठ, कापीव सांध्यांना अननॉक्सी लेप. पत्र्याचे तळपात्र व झाकणे यांना सिलिकोन. कागदी गॅस्केटाला न वाळणाऱ्या लेपाचा पातळ हात. आणि पाण्याच्या पोकळीत शिरणाऱ्या बोल्टांच्या आट्यांना स्वतंत्र लेप, अशी सर्वसाधारण विभागणी आहे. ठोकळा, टोपण व पुढील झाकण असे तीन भाग जेथे एकत्र येतात त्या कोपऱ्यावर तयार गॅस्केट असले, तरी सिलिकोनाचा एक छोटा ठिपका देतात. कारण तीन कडा कधीही तंतोतंत एका पातळीत येत नाहीत.

जुना थर लाकडी वा प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढावा. अपघर्षक चकतीने मऊ ॲल्युमिनियमावर खळगे पडतात व तिची धूळ तेलात जाऊन धारव्यांना खाते. पृष्ठभाग सरळ पट्टी व जाडीमापक पात्यांनी तपासावा. टोपणाच्या बाबतीत अनुज्ञेय वाक सामान्यतः मिलिमीटरच्या एक-दशांशाहून कमी असतो. तो अधिक असल्यास उपाय यंत्रशाळेत आहे, नळीत नाही. बोल्टांची बंद छिद्रे कोरडी करावी. त्यांत तेल वा पाणी राहिल्यास बोल्ट आवळताना द्रव दबत नसल्याने ठोकळ्याला तडा जाऊ शकतो. सिलिकोनाची वळी अखंड, बारीक व बोल्टांच्या छिद्रांच्या आतील बाजूने फिरविलेली असावी आणि तिच्यावर साय धरण्यापूर्वी भाग बसवावा. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, टप्प्याटप्प्याने व मापी पान्याने आवळावेत. जुन्या पद्धतीची मऊ गॅस्केटे दबून सैल होत असल्याने काही अंतर गाडी चालविल्यावर बोल्ट पुन्हा आवळावे लागत. नव्या पद्धतीच्या गॅस्केटांना बहुधा ते लागत नाही व ताणून आवळावयाचे बोल्ट तर पुन्हा वापरावयाचेही नसतात. लेप पूर्ण घट्ट होण्यास निर्मात्याने दिलेला अवधी संपेपर्यंत तेल भरू नये.

विद्युत् मोटारीवर चालणाऱ्या गाड्यांत ज्वलनाचा सांधा नसतो. परंतु विद्युत् घटमालेच्या पेटीत पाणी व धूळ शिरू नये आणि तिचे थंड करणारे द्रव बाहेर पडू नये यासाठी संधिरोधन लागतेच. तेथील तापमान कमी असले, तरी गळतीचे परिणाम अधिक गंभीर असू शकतात. पदार्थ बदलले, यंत्रे बदलली. पृष्ठभाग स्वच्छ व सपाट करणे, दाब सारखा देणे आणि लेप लागेल तेवढाच लावणे, हा क्रम मात्र न्यूकमेन व वॉट यांच्या काळापासून तोच आहे.